धुतलेल्या पानाची नक्कल

मी, खाली सही करणार कु. आलिमा दादामियाँ अत्तार, वय वर्षे त्र्याहत्तर, सेवानिवृत्त, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. ते कोणाच्या सांगण्यावरून, दडपणाखाली अथवा औषधाच्या गुंगीत लिहिलेले नाही. सकाळचा चहा घेऊन, चष्मा पुसून, टेबलाशी बसून लिहिले आहे. मला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आहे. तो पोटात आहे, डोके शाबूत आहे. तसे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे, कारण बाईने नुसते सांगून ते कोणाला पटत नाही.

वकील श्री. केदार सहस्रबुद्धे यांनी एक छापील मसुदा दिला होता. त्यात 'माझे सर्व प्रिय आप्तेष्ट' असे शब्द होते. मसुदा चांगला होता, पण माझा नव्हता, म्हणून परत केला. त्यांनी राग मानू नये. त्यांची फी दिली आहे.

१. आमच्या शरियतीप्रमाणे मला माझ्या मालमत्तेपैकी एक तृतीयांशच मर्जीप्रमाणे देता येते. बाकीचे वारसाचे. मी लग्न केले नाही, आईवडील आणि भाऊ गेले, तेव्हा माझा वारस एकटा फैझल, माझा भाऊ मरहूम आफताब याचा मुलगा. खाली जे इतरांना दिले आहे ते सर्व मिळून एक तृतीयांशात बसते. तरीही फैझलची लेखी संमती घेतली आहे. त्याने ती न वाचताच सही केली. हिंजवडीत कामाला असलेल्या माणसाने कागद न वाचता सही करावी याची मी येथे नोंद करून ठेवते.

२. बिबवेवाडीची सदनिका कायद्याने फैझलची होईल. त्याने ती विकावी. ठेवू नये. ह्या सोसायटीत राहून मला सुख लागलेले नाही. लिहिता हात चालू राहावा म्हणून गच्चीवर मी बकऱ्याचे कातडे चौकटीवर ताणून वाळवत असे, तेव्हा सेक्रेटरी श्री. संतोष यांनी फळ्यावर सूचना लिहिली होती की गच्चीवर 'अशोभनीय वास' करू नये. मी त्याखाली लिहिले की वास चुन्याचा आहे, आणि चुना आपण रोज खाता. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. त्यांना माझ्या जनाज्याला यायचे असेल तर अडवू नये, पण बोलवायलाही जाऊ नये.

३. दफन त्याच दिवशी करावे. परगावच्या कोणाची वाट पाहू नये. कबर पक्की बांधू नये. दहाव्याला आणि चाळिसाव्याला जेवणावळ घालू नये. मला भेटायला फुरसत नव्हती त्यांना बिर्याणीला फुरसत मिळण्याचे कारण नाही.

४. बँकेत जे आहे ते माझी भाची, फैझलची बहीण नाजिमा हिला द्यावे. ती कोथरूडच्या एका शाळेत शिकवते आणि तिच्या सासरी तिचा पगार घरखर्चाचा समजतात. हे पैसे तिच्या एकटीच्या नावावर राहतील असे पाहावे. माझे भिंगही तिलाच. तिच्या डोळ्यांना आताच कमी दिसू लागले आहे आणि ती कोणाला सांगत नाही.

५. अरबी व फारसी कोश आणि जुन्या लिप्यांची छायाचित्रे असलेले मोठे ग्रंथ ज्या महाविद्यालयात मी बी.ए., एम.ए. झाले तेथे द्यावेत. मी आधी विचारले आहे. ग्रंथपालबाई म्हणाल्या की हा विषय आता बंद झाला आहे, जागा नाही, तरी पाठवा. तरी पाठवावेत. नाही घेतले तर रद्दीवाल्याला द्यावेत, पण त्याला सांगावे की पुड्या बांधू नये, कारण मध्येमध्ये पवित्र मजकूर आहे.

६. माझे बोरू, ते तासायची सुरी, शाईचे दगडी भांडे, कातडे घासायचा दगड आणि लाकडी चौकट. हे मागायला कोणी आले नाही. आयुष्यात एकदाही कोणी म्हणाले नाही की मला हे शिकवा. बोरू मोडून टाकावेत. सुरी स्वयंपाकघरात चालेल.

७. आता पान.

माझे वडील दादामियाँ यांचे गंज पेठेत पुस्तकबांधणीचे दुकान होते. आडनाव अत्तार, पण अत्तर त्यांनी ईदेलाच लावले. शाळेची पुस्तके, दुकानदारांच्या वह्या आणि जीर्ण झालेली कुराणशरीफ ते बांधत. मी कॉलेजात असताना एक जुनी प्रत त्यांच्याकडे नव्या बांधणीसाठी आली. तिचा पुठ्ठा उकलला तर आत ताठरपणासाठी चिकटवलेले कातड्याचे एक पान निघाले. दोन्ही बाजूंनी लिहिलेले. अक्षरे आडवी, रुंद, कोनदार. खाली-वर नुक्ते म्हणजे टिंबे नाहीत, स्वरचिन्हे नाहीत. वडिलांना अरबी वाचता येत असे, पण हे वाचता येईना. प्रतीच्या मालकाला दाखवले, तर तो म्हणाला, वाचता येत नाही ते घेऊन मी काय करू, तुम्हीच ठेवा. वडिलांनी ते धुतलेल्या कापडात गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. पवित्र शब्द असावेत एवढे त्यांना कळत होते, आणि तेवढे फळीसाठी पुरेसे होते.

ते मी वाचले. एका दिवसात नव्हे. कुराणशरीफचा मजकूर पाठ असलेल्या माणसाला आधी एक शब्द ओळखू येतो, मग त्याच्या शेजारचा. एका आंधळ्या झालेल्या म्हाताऱ्या बापाला हरवलेल्या मुलाच्या सदऱ्याने दृष्टी परत येते, तो भाग होता. लिपीवरून, ओळींच्या मांडणीवरून आणि कातड्यावरून मी ठरवले की पान हिजरी दुसऱ्या शतकातले असावे. बाराशे वर्षांहून जुने. हे मी अंदाजाने म्हणत नाही. परदेशांतल्या संग्रहांतील अशा पानांची जी छायाचित्रे पुण्यात मिळू शकली ती सर्व मी पाहिली आहेत, एकेका अक्षराची उंची मोजली आहे.

पुढे मी एका संशोधन संस्थेत हस्तलिखितांची सूची करण्याच्या नोकरीत लागले. तेथील विभागप्रमुख आता हयात नाहीत, म्हणून नाव लिहीत नाही. पूर्वी त्यांनी माझे एक टिपण स्वतःच्या नावाने छापले होते. ते म्हणाले, पान संस्थेत जमा करा, मग छायाचित्र काढू. मी म्हणाले, आधी छायाचित्र, मग पाहू. आम्ही दोघेही पुणेकर. छायाचित्र निघाले नाही.

म्हणून मी नक्कल करायचे ठरवले. लोकांना नक्कल म्हणजे हलके काम वाटते. मला तसे वाटले नाही. कागदावर केली तर ती चित्र होते. म्हणून कातडे मी स्वतः चुन्यात भिजवले, केस काढले, ताणले, घासले. शाई काजळी आणि बाभळीच्या डिंकाची केली, कारण मूळ शाई तीच होती. त्या काळच्या बहुतेक पानांची शाई लोहाची असते, ती कातड्यात मुरते. ह्या पानाची काजळीची होती, ती वर बसते. लोहाची असती तर मला हे कलम लिहावे लागले नसते.

माझा नियम एक होता. नक्कल मुळापेक्षा चांगली होता कामा नये. त्या लेखकाचा हात जेथे थकला तेथे माझाही थकला पाहिजे. ओळीच्या शेवटी जागा संपली म्हणून त्याने अक्षरे दाटीने बसवली होती, तशीच बसवायची. मागच्या बाजूला एके ठिकाणी त्याची नजर चुकली, एक ओळ त्याने दुसऱ्यांदा लिहिली, चूक लक्षात आल्यावर ती खरवडली, पण अर्धीच. तेथे बहुधा त्याला कोणी हाक मारली असावी. मी ती ओळ लिहिली आणि अर्धीच खरवडली. कितीतरी नकला करून फाडल्या. फाडल्या म्हणजे पुरल्या, कारण पवित्र मजकूर फाडत नाहीत. ज्याचे नावही माहीत नाही अशा त्या माणसाला मी ओळखते तेवढे कोणालाच ओळखले नाही. मला दोन स्थळे सांगून आली होती. दोघांचीही अक्षरे मी पाहिली होती.

१९९६ साली शेवटची नक्कल पुरी झाली. मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून, भिंगातून, ओळीमागून ओळ संस्थेतले माझे सहकारी श्री. प्रज्ञेश ओव्हाळ यांनी माझ्यासोबत तपासली. फरक निघाला नाही. तो माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता. एवढेच लिहिते.

त्याच वर्षी आफताबला कावीळ झाली आणि ती यकृतापर्यंत गेली. तेव्हा आम्ही सगळे गंज पेठेत एकत्र राहत होतो. इस्पितळातून सांगण्यात आले की घरी न्या. घरी न्या याचा अर्थ सगळ्यांना कळतो. त्याची बायको हुस्नबानू सासवडकडची, चौथीपर्यंत शिकलेली. आमच्यात एक जुनी चाल आहे. चिनी मातीच्या बशीत केशराने कुराणातली आयत लिहितात, पाण्याने धुतात आणि ते पाणी आजाऱ्याला पाजतात. मला ही चाल मान्य नाही आणि ते मी घरात अनेकदा बोलून दाखवले होते. हुस्नबानूने दर्ग्यावरून तशा बश्या आणल्या, पाजल्या, गुण आला नाही. मग तिने विचार केला. काल-परवाच्या केशराने गुण येत नसेल तर बाराशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या अक्षराने येईल. विचारात चूक काढायला मला आजही जागा सापडत नाही. त्या पानात बापाचे डोळे बरे होतात हे तिला मीच सांगितले होते, कौतुकाने.

शुक्रवारी दुपारी मी कामावर असताना तिने नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात तसे वुजू केले, फळीवरून पान काढले, परातीत धरले आणि पाण्याने धुतले. दोन्ही बाजू. एक थेंब सांडला नाही असे ती नंतर म्हणाली. मी घरी आले तेव्हा कातडे दोरीवर वाळत होते, अगदी स्वच्छ. धुण्याच्या कामात तिने कधी कसूर ठेवली नाही.

मी ओरडणार होते. तेवढ्यात आतून आफताबने विचारले की जेवायला काय आहे. तीन आठवडे त्याने अन्न मागितले नव्हते.

तो बरा झाला. डॉक्टर म्हणाले की औषधाला उशिरा यश आले. असेल. त्यानंतर तो सत्तावीस वर्षे जगला, त्याने दुकान चालवले, नाजिमाचे लग्न केले, फैझलला इंजिनिअर केले. दर ईदेला मला मिठी मारून म्हणायचा, "आपा, तुझं पान माझ्या पोटात आहे, जपून मिठी मार." सगळे हसायचे. मीही हसायचे. दुसरे काय करणार होते? जिवंत भावाच्या समोर उभे राहून कातड्याच्या तुकड्यासाठी कसे रडावे, हे मला कोणी शिकवले नव्हते. हुस्नबानूला मी त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. तिला वाटते मी क्षमा केली. मी केली नाही. मला ती करायची संधीच मिळाली नाही, कारण तिने गुन्हा केला असे म्हणणे म्हणजे आफताबने मरायला हवे होते असे म्हणणे.

८. नक्कल उरली. ती घेऊन मी हिंडले. दिल्लीचे एक प्राध्यापक आणि बाहेर देशातले एक अभ्यासक येऊन पाहून गेले. धुतलेल्या कातड्यावर त्यांनी वेगवेगळ्या दिव्यांचा प्रकाश पाडला. काही दिसले नाही. नक्कल हातात घेऊन ते म्हणाले, फार सुंदर आहे. ज्याचा काही उपयोग नाही त्याला विद्वान सुंदर म्हणतात. मूळ नसताना नक्कल पुरावा होत नाही. कातडे जुने असेल, पण त्यावर काय होते हे फक्त बाई सांगतात. त्यांचे बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते, आणि कमी गोड म्हणाले असते.

मग मशिदीच्या ग्रंथालयात नेली. मौलाना सज्जन. त्यांनी चहा दिला, बराच वेळ पाहिले. म्हणाले, बेटी, नुक्ते नाहीत, वाचणारा चुकेल. आणि मागे एक ओळ दोनदा आहे. कुराणाच्या प्रतीत चूक ठेवता येत नाही, ती दुरुस्त करा किंवा अदबीने पुरा. मी म्हणाले, ती चूक माझी नाही, बाराशे वर्षांपूर्वीची आहे. ते म्हणाले, चूक जुनी झाली म्हणून बरोबर होत नाही. त्यांचेही बरोबर आहे.

फैझलने ती स्कॅन केली आहे. "फुफी, आता क्लाउडवर सेफ आहे, टेन्शन घेऊ नकोस," असे तो म्हणतो. नसलेल्या वस्तूच्या नकलेचे चित्र आता ढगात सुरक्षित आहे.

२०२३च्या पावसाळ्याअखेर आफताब पुन्हा आजारी पडला. ते लोक आता कात्रजला राहतात. हुस्नबानू दोन बस बदलून माझ्याकडे आली. चपला बाहेर काढल्या, आत येऊन जमिनीवर बसली. खुर्ची दिली तरी जमिनीवरच. म्हणाली, "आपा, ते कपाटातलं पान द्या."

मी म्हणाले, "ते पान नाही. ती नक्कल आहे."

"मग काय झालं? अक्षरं तर तीच हायेत ना? तुम्हीच सांगत होता, केसाएवढा फरक नाय."

ह्या वाक्यासाठी मी विद्वानांच्या दारात बसले होते. ते मला कोणी दिले नाही. हुस्नबानूने दिले, आणि देताना तिला त्यात विशेष काही वाटले नाही. आणि मी, आलिमा दादामियाँ अत्तार, एम.ए., काय म्हणाले ते येथे लिहून ठेवते. मी म्हणाले, "नाही. ते मी लिहिलेलं आहे, बाजारातल्या बकऱ्याच्या कातड्यावर. त्यात काही नाही."

तिने उठायला जमिनीवर हात टेकला. मग म्हणाली, "असं बोलू नका, आपा. जिंदगी गेली तुमची त्यात." आणि उठून चपला घालून गेली. भांडली नाही. मागितलेही नाही पुन्हा.

आफताब त्या आठवड्यात गेला. यकृत, मूत्रपिंड, सगळेच थांबले होते. पाण्याने काही झाले नसते हे मला माहीत आहे. डॉक्टरांनीही आता काही होणार नाही असेच सांगितले. पहिल्या खेपेलाही डॉक्टरांनी तेच सांगितले होते.

त्या घरात बाया रडत होत्या तेव्हा हुस्नबानूने मला कोपऱ्यात नेऊन आधी चहा दिला, कारण मला मधुमेह आहे आणि मी सकाळपासून उपाशी आहे हे तिच्या लक्षात होते. तो चहा मी प्याले. त्यानंतर मी बोरू हातात धरलेला नाही.

९. धुतलेले मूळ कातडे. एका दलालाने ते मागितले होते. कोऱ्या जुन्या कातड्याला बाजार आहे, त्यावर नवीन लिहून जुने म्हणून विकतात. मी त्याला जिन्यापर्यंत पोहोचवले. ते कोणालाही देऊ नये, विकू नये, कोणत्याही संस्थेत ठेवू नये. फैझलने ते आफताबच्या कबरीच्या कडेला, पांढऱ्या कापडात, हातभर खोल पुरावे. तेथे का, हे त्याने विचारू नये. विचार केला तर कळेल.

१०. नक्कल. ती श्रीमती हुस्नबानू आफताब अत्तार, राहणार कात्रज, यांस देत आहे. कोणतीही अट नाही. त्यांनी ती ठेवावी, पुरावी अथवा धुवावी. फैझलने अथवा नाजिमाने त्यांना शहाणपण शिकवू नये. ती मी विद्येच्या हवाली करू पाहत होते. विद्येने घेतली नाही. धर्मानेही घेतली नाही. मूळ आणि नक्कल यांत फरक नाही असे मानणारी एकच व्यक्ती मला भेटली आणि तिला मी खोटे सांगितले. हे देणे दुरुस्ती नव्हे. माणूस गेल्यावर दुरुस्ती होत नसते. दुसरीकडे द्यायला जागा नाही म्हणूनही देत आहे, हे लपवत नाही.

धुवायचीच असेल तर सूचना: कातडे चुन्यातले आहे, म्हणून पाणी उकळून गार केलेले घ्यावे, कातडे त्यात बुडवून ठेवू नये, वरून धार धरावी. मधुमेही, गरोदर बाई आणि लहान मूल यांना पाजू नये. काजळी आणि डिंकाशिवाय शाईत काही नाही. मी केली आहे.

११. नक्कल ज्या कपाटात आहे त्याची किल्ली आजपासून वकील श्री. सहस्रबुद्धे यांच्याकडे राहील. माझा मृत्यू झाल्याचा दाखला पाहिल्याखेरीज त्यांनी ती कोणालाही देऊ नये. मी स्वतः मागितली तरी देऊ नये. हे मृत्युपत्र श्रीमती हुस्नबानू यांना मी जिवंत असेपर्यंत वाचून दाखवू नये. त्यांना माझ्या आजाराचे नाव अजून कळलेले नाही, मला अल्सर आहे असे सांगितले आहे. कळले तर ती त्याच दिवशी दोन बस बदलून येईल, जमिनीवर बसेल आणि नक्कल मागेल, ह्या वेळी माझ्यासाठी. मागच्या वेळी मी 'नाही' असे म्हणू शकले. आता म्हणू शकेन याची मला खात्री नाही.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे. ह्यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही आणि दुसरे करण्याइतका वेळ नाही.

ठिकाण: बिबवेवाडी, पुणे
दिनांक: १४ जानेवारी २०२५

(सही) आलिमा दादामियाँ अत्तार

साक्षीदार. कु. आलिमा अत्तार यांनी आमच्यासमोर शुद्धीत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. आम्हा दोघांना ह्या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

१. (सही) प्रज्ञेश रतन ओव्हाळ, सेवानिवृत्त, राहणार येरवडा. १९९६ साली दोन्ही पाने शेजारी ठेवून मी तपासली होती. फरक नव्हता. हे वाक्य मी माझ्या मर्जीने लिहिले आहे, बाईंनी सांगितलेले नाही.

२. (सही) राधा श्यामसुंदर खळदकर, शेजारी, राहणार बिबवेवाडी.